सक्तीची पत

राज्य ज्याचे त्याचेच नाणे त्या राज्यात चालावे, ही गोष्ट आपणां सर्वांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तीत काही विचार करण्यासारखे असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. आपण बाजारात जातो, रुपया देतो व भाजी घेतो. भाजीवालीने तो रुपया का घ्यावा, असा प्रश्न तीही करीत नाही व आपणही करीत नाही. परंतु उद्या तिने "हा रुपया नको, अमक्या देशाचे नाणे असेल तर द्या," असे म्हटले, तर सरकारने तिला दंड करावा काय? आणि करावयाचा, तर तो कोणत्या न्यायाने? माल तिचा, तो पिकविण्याचे वा वाहून आणण्याचे कष्ट तिचे. मग त्यांच्या मोबदल्यात काय पत्करावे हे ठरविण्याचा अधिकार तेवढा तिचा का नसावा? असले प्रश्न अर्थशास्त्र्यांच्या हवाली करून आपण मोकळे होण्याची चाल आहे. आमच्या मते हा प्रश्न प्रथम नीतीचा आहे व मग अर्थशास्त्राचा. कारण यात एका माणसाने दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा म्हणून कायद्याची काठी उगारली जाते, आणि सक्तीने घेतलेल्या विश्वासाला विश्वास म्हणावे की नाही, हे कोणत्याही आकड्यांवरून ठरत नाही.

आमच्या पूर्वजांना एका मुलखात एकच नाणे ही सोय ठाऊक नव्हती. पेशवाईत निरनिराळ्या टाकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. चांदवडी निराळा, अंकुशी निराळा. एका रुपयाचा दुसरा रुपया करावयाचा म्हणजे सराफाच्या पेढीवर जाऊन बट्टा द्यावयाचा. हा बट्टा नाण्यातील चांदी, नाण्याची झीज आणि नाणे आणणाऱ्याचे अज्ञान या तीन गोष्टींवर अवलंबून असे. आणि त्यांतल्या तिसऱ्या गोष्टीपासून सराफाला सर्वांत अधिक लाभ होत असावा, असे म्हणण्यास आम्हांस तरी संकोच वाटत नाही. 'अब्रूला बट्टा लागणे' हा वाक्प्रचार त्या पेढीवरूनच आपल्या घरात आला. 'पत' हा शब्द तर त्याहून बोलका आहे. सावकाराच्या वहीत पत म्हणजे उधार मिळण्याची योग्यता आणि गावात पत म्हणजे माणसाची इज्जत. पैशाचा प्रश्न हा शब्द पाळण्याचा प्रश्न आहे, हे आपल्या भाषेने कोणत्याही शास्त्राची वाट न पाहता ओळखले होते. पुढे १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकाच वजनाचा व कसाचा रुपया कायद्याने सुरू केला. यंत्रावर पाडलेला हा कलदार रुपया जसजसा पसरला तसतसा बट्ट्याचा व्यवहार आखडत गेला. कंपनीचा हेतू परोपकाराचा नव्हता, हे सांगावयास नको. तथापि नाण्यांची गर्दी ही ज्यांना नाणी पारखता येतात त्यांच्याच फायद्याची असते, आणि पारखता न येणाऱ्या कुणब्याला एक नाणे हे एक प्रकारचे अभय असते, ही गोष्ट त्या कायद्याचा कर्ता कोण होता यावरून खोटी ठरत नाही.

सक्तीच्या बाजूचा हा पहिला मुद्दा झाला. त्याहून खोल असा दुसरा मुद्दा इंडोनेशियाच्या उदाहरणावरून चांगला कळतो. १९९७-९८ च्या संकटात तेथील रुपियाह या चलनाची अशी घसरण झाली की एका डॉलरला जेथे सुमारे २,४०० रुपियाह पडत, तेथे ते १५,००० च्याही वर गेले. ज्याने एकदा असा अनुभव घेतला तो पुढे सावध होणारच. जकार्तातील कचेऱ्यांची भाडी, बंदरांतील आकार, मोठमोठे करारमदार हे सारे देशातल्या देशात, देशी माणसांमध्येच, डॉलरांत होऊ लागले होते. २०११ साली तेथे कायदा झाला की देशाच्या हद्दीतील देणीघेणी रुपियाहतच व्हावीत. न मानणारास एक वर्षापर्यंत कैद व २० कोटी रुपियाहपर्यंत दंड. २०१५ साली मध्यवर्ती बँकेने नियम अधिक आवळले आणि किंमतीसुद्धा देशी चलनातच सांगण्याचे बंधन घातले.

वरवर पाहता हा स्वातंत्र्यावर घाला वाटेल. परंतु ज्याचे वेतन रुपियाहत आणि ज्याच्या दुकानाचे भाडे डॉलरांत, अशा माणसाच्या जागी आपण क्षणभर उभे राहून पाहू. चलन घसरले की त्याची मिळकत तेवढीच राहते व भाडे मात्र पाहता पाहता दुप्पट होते. घरमालकाने डॉलरांत भाडे मागितले याचा खरा अर्थ इतकाच की देशावर येणाऱ्या संकटातला आपला वाटा त्याने भाडेकरूच्या डोक्यावर ठेवला. उभयतांच्या संमतीने करार झाला असे म्हणावे, तर ती संमती गरजवंताची. आणि गरजवंताला अक्कल नसते, असे आपणच म्हणत आलो आहो. एका देशात राहणाऱ्यांनी त्या देशाच्या सुदैवात तसेच दुर्दैवातही भागीदार असावे. ज्याच्यापाशी मोलभावाची ताकद अधिक त्याने मागल्या दाराने निसटू नये, हा त्या सक्तीचा नैतिक आधार आहे, आणि तो आम्हांस भक्कम वाटतो. त्याच कायद्यातील एक अपवादही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बँकेत परकीय चलनात ठेव ठेवण्यास त्याने मनाई केली नाही. आजचा सौदा आमच्या नाण्यात करा, असे ते सरकार म्हणाले. आयुष्यभराची पुंजी आमच्याच शब्दावर ठेवा, असे म्हणाले नाही. हा भेद लहान नव्हे.

याउलट, राष्ट्राभिमानाच्या नावाने जी सक्ती सांगितली जाते तिचा आधार आम्हांस तितकासा पटत नाही. नाणे म्हणजे ध्वज, परक्याचे नाणे चालू देणे म्हणजे परक्याचा ध्वज उभारणे, हे वाक्य सभेत टाळ्या घेईल. पण इक्वेडोरने २००० साली आपले सूक्रे हे चलन सोडून अमेरिकन डॉलर पत्करला. सूक्रे हे नाव दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील एका वीर सेनानीचे, म्हणजे अभिमानाला तेथे तोटा नव्हता. ज्या अध्यक्षाने हा निर्णय जाहीर केला त्याला थोड्याच दिवसांत पायउतार व्हावे लागले. डॉलर मात्र राहिला, आणि इक्वेडोर हे राष्ट्रही राहिले.

अभिमानाच्या सक्तीची चव मराठी माणसाच्या एका पिढीने प्रत्यक्ष घेतली आहे. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चालत असे, आणि सात हाली रुपयांचे सहा कलदार होत. मराठवाड्यातील हिशेबी माणसाला हा सात-सहाचा पाढा तोंडपाठ असे. कारण त्याचा कापूस मुंबईच्या बाजाराकडे जाई, नातीगोती सरहद्दीच्या दोन्ही अंगांस पसरलेली असत, आणि दोन्ही रुपये त्याच्या कनवटीला असत. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजामाने भारत सरकारशी 'जैसे थे' करार केला, आणि त्यावरची शाई वाळते न वाळते तोच वटहुकूम काढून भारताचे चलन संस्थानात कायदेशीर राहणार नाही असे ठरविले. या हुकुमाने परभणीच्या वा नांदेडच्या रयतेला कोणत्या सराफापासून अभय मिळाले? भाडेकरूचे कोणते ओझे हलके झाले? आम्हांस तरी तसे काही दिसत नाही. येथे नाणे ही एक वेस होती, आणि रयत कोणत्या बाजूस उभी आहे हे तिला न विचारता ठरविण्यासाठी ती वेस बांधलेली होती. एक गोष्ट मात्र यात सांगण्यासारखी आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली, पण हाली रुपया त्याच दिवशी मातीमोल झाला नाही. तो पुढे काही वर्षे चालू राहिला आणि लोकांना सात-सहाच्या जुन्या दरानेच मोजला गेला. ज्या राज्याशी संघर्ष करून विजय मिळविला, त्या राज्याचा रयतेला दिलेला शब्द नव्या सत्तेने आपल्या शिरावर घेतला.

याच्या अगदी उलट प्रकार झिंबाब्वे या आफ्रिकेतील देशात घडला, आणि आमच्या विषयाचे मर्म त्याच इतिहासात आहे म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. १९८० साली स्वतंत्र झाला तेव्हा या देशाचा डॉलर अमेरिकन डॉलरहून अधिक मोलाचा होता. पुढे शेतीची घडी विसकटली, खर्च आटोक्याबाहेर गेला, आणि सरकारने तो नोटा छापून भागविला. जुलै २००८ मध्ये महागाईचा वार्षिक दर सरकारी हिशेबानेच २३ कोटी १० लाख टक्के झाला. जानेवारी २००९ मध्ये एकावर चौदा शून्ये असलेली नोट निघाली. लोकांनी तोवर ते चलन मनाने केव्हाच टाकून दिले होते. त्याच सुमारास सरकारनेही परकीय चलनात व्यवहार करण्यास परवानगी देऊन टाकली. २०१४ साली तर तेथील मध्यवर्ती बँकेने मान्य चलनांच्या यादीत आपल्या रुपयाचेही नाव घातले. तो तेथे कितीसा फिरला असेल ते असो, पण बहुमान घडला खरा.

२०१५ साली जुन्या डॉलरचे अधिकृत उत्तरकार्य झाले. लहानपणी एकं, दहं, शतं करीत परार्धापर्यंत घोकलेली माळ पुढे आयुष्यात कधी उपयोगी पडेल असे आम्हांस वाटले नव्हते. ती येथे उपयोगी पडते. ज्या खातेदाराच्या नावावर पावणेदोन परार्धापर्यंत डॉलर शिल्लक होते, त्याला सरसकट ५ अमेरिकन डॉलर देण्यात आले. शिल्लक त्याहून अधिक असेल तर ३५ वर पंधरा शून्ये इतक्या डॉलरांना एक अमेरिकन डॉलर.

इथवर जे झाले ते केवळ अनर्थ म्हणून सोडून देता आले असते. खरा नैतिक प्रश्न याच्यानंतर उपस्थित झाला. लोकांनी पुन्हा हळूहळू बँकांत पैसा ठेवला होता, आणि तो अमेरिकन डॉलर म्हणून ठेवला होता. २०१६ च्या नोव्हेंबरात सरकारने 'बाँड नोट' नावाचा कागद काढला व तो अमेरिकन डॉलरच्या बरोबरीचा आहे असे सांगितले. फेब्रुवारी २०१९ मध्ये ही बरोबरी मोडली. नवे देशी चलन निघाले. पहिला अधिकृत दर एका अमेरिकन डॉलरला अडीच असा होता, आणि खात्यांतील जुन्या शिलका व पूर्वीची देणी मात्र या नव्या चलनात एकास एक धरावी असा नियम झाला. मग २४ जून २०१९ रोजी परकीय चलन देशांतर्गत व्यवहारात कायदेशीर नाही असा हुकूम निघाला.

एकास एक म्हणजे काय झाले ते एका खटल्यावरून दिसते. जुन्या व्यवहारापोटी एका कंपनीला दुसऱ्या कंपनीचे सुमारे ३८ लाख ८५ हजार अमेरिकन डॉलर देणे होते आणि तसा निकालही झालेला होता. तितक्याच आकड्याचे देशी डॉलर भरून ते देणे फिटले, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला. त्या वेळी एका अमेरिकन डॉलरला अधिकृत दरानेच सुमारे सतरा देशी डॉलर पडत होते. न्यायालयाने कायद्याचे शब्द वाचले; त्याला दोष देता येत नाही. दोष त्या शब्दांचा. कंपन्यांचे जे झाले ते त्या कंपन्या पाहून घेतील; पण त्याच नियमाखाली निवृत्त शिक्षकाची ठेव, विधवेच्या विम्याची रक्कम आणि मुलीच्या शिक्षणासाठी बाजूस टाकलेले पैसेही होते, आणि त्यांपैकी कोणाला न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाण्याचीही ऐपत नव्हती.

आता येथे सक्तीच्या कैवाऱ्यांचा एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, चलन हे सर्वांच्या भरवशावर उभे असते. प्रत्येकाने आपापल्यापुरता शहाणपणा करून ते टाकावयास सुरुवात केली, तर चांगले चलनही बुडेल. पूर आला असता बांधावरचा एकेक दगड जो तो आपल्या घरी नेऊ लागला, तर गावाने त्याला अडवावे की नाही? अडवावे, हे आम्हांस मान्य आहे. पण मग बांधावर उभे कोण राहते तेही पाहिले पाहिजे. चलनाची सक्ती झाली म्हणजे धनिक आपली पुंजी परदेशी बँकेत नेतो. व्यापारी मालाच्या रूपाने साठा करतो. धूर्त माणूस गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या दलालाची ओळख काढून ठेवतो. उरतात ते पगारदार, निवृत्तिवेतनावर जगणारे, आणि ज्यांना कायदा मोडण्याची सवय नाही असे लोक. झिंबाब्वेत सक्तीच्या हुकुमाला एक वर्ष झाले त्या जून २०२० मध्ये महागाई ७३७ टक्के होती. त्या वर्षभरात ज्याने हुकूम अक्षरशः पाळला, पगार देशी चलनात घेतला व देशी चलनातच जपून ठेवला, तोच सर्वांत अधिक नागवला गेला. कायदा मोडणारास शिक्षा होते हे आपण जाणतो. येथे कायदा पाळणारास शिक्षा झाली. राज्याशी निष्ठेने वागणे हा मूर्खपणा ठरावा, याहून मोठी हानी एखादे सरकार आपल्या लोकांची करू शकेल असे आम्हांस वाटत नाही. बुडालेला पैसा पुढल्या पिढीला पुन्हा मिळविता येईल, पण सरकारी शब्द ऐकताच मनातल्या मनात हसण्याची जी सवय लागते, ती त्या पिढीला आईबापांकडून मिळते.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. आपल्या सीमेत आपलेच नाणे चालावे अशी सक्ती करण्याचा राज्याला अधिकार आहे. पण ज्या क्षणी ते हा अधिकार वापरते त्या क्षणी ते प्रत्येक आज्ञाधारक प्रजाजनाचे ऋणको होते. स्वेच्छेने उधार देणाऱ्याचा पैसा बुडाला तर त्याने पारख केली नाही असे म्हणता येते. ज्याला दुसरा मार्गच ठेवला नाही, त्याला असे म्हणता येत नाही. आणि अशा ऋणकोने आपल्या कचेरीत आपलेच नाणे नाकारावे, हे तर कोणत्याच सबबीखाली बसत नाही. झिंबाब्वेच्या सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये, म्हणजे बाँड नोट ही अमेरिकन डॉलरच्या बरोबरीचीच आहे असे स्वतः सांगत असताना, बाहेरून येणाऱ्या मोटारींवरची जकात मात्र परकीय चलनात मागितली. दुकानदाराने हेच केले असते तर त्याला काय म्हटले गेले असते?

येथे आम्हांस दिल्लीच्या सुलतानाची आठवण होते. महंमद तुघलक याने १३२९ च्या सुमारास तांब्यापितळेची नाणी पाडून ती चांदीच्या टंक्याच्या मोलाने घ्यावी असा हुकूम केला. ही नाणी आपल्या दौलताबादेसही पाडली गेली. त्यांवर, जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो ईश्वराची आज्ञा पाळतो, अशा अर्थाचे शब्द कोरलेले होते. धातूचा आधार नव्हता तेथे धर्माचा घेतला, दुसरे काय! लोकांनी घरोघरी टाकसाळी उघडल्या असे बरनी हा त्या काळचा इतिहासकार लिहितो. तीनेक वर्षांत बेत पार फसला. 'वेडा महंमद' म्हणून आपण शाळेत ज्याला हसलो, त्याने पुढे जे केले ते मात्र आपण फारसे लक्षात ठेवीत नाही. त्याने ती नाणी मागे घेतली आणि जो जो ती घेऊन आला त्याला खजिन्यातून सोने व चांदी मोजून दिली. त्यांत खोटी नाणीही पुष्कळ होती. तुघलकाबादेस त्या परत आलेल्या तांब्याचे डोंगर पडून राहिले होते असे वर्णन आहे. खजिना खालावला, पण शब्दाला बट्टा लागला नाही. सुलतानाच्या क्रौर्याचे व लहरींचे समर्थन करावयाचे आमच्या मनात नाही. ते कोणी करूही नये. परंतु या एका बाबतीत त्या वेड्याचा हिशेब आणि २०१५ सालचा तो परार्धांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावे, असे मात्र वाटते.

झिंबाब्वेत मार्च २०२० मध्ये साथीच्या निमित्ताने डॉलरचा वापर पुन्हा मोकळा झाला, आणि २०२३ साली ती मोकळीक २०३० च्या अखेरपर्यंत वाढविण्यात आली. एप्रिल २०२४ मध्ये सोन्याचा व परकीय गंगाजळीचा आधार असलेले 'झिग' नावाचे आणखी एक देशी चलन निघाले. अधिकृत दर सोडून दुसऱ्या दराने व्यवहार करणाऱ्या दुकानदारांना दोन लाख झिगपर्यंत दंड ठरला, आणि हरारेच्या रस्त्यांवर उभे राहून नोटा बदलून देणाऱ्या दलालांची धरपकड सुरू झाली. सप्टेंबरच्या अखेरीस सरकारनेच या चलनाचे मोल एका दिवसात ४३ टक्क्यांनी उतरविले. ज्या दिवसांत दलालांना पकडून नेत होते, त्या दिवसांत पेट्रोलच्या पंपांना झिग नाकारण्याची मुभा होती, आणि पारपत्राच्या सरकारी कचेरीत शुल्क भरावयाचे ते अमेरिकन डॉलरांतच भरावे लागत होते.